परदेशातलं भिरंडेल

चकाला मागे टाकलं तेव्हा प्रेमाने एका पायातली चप्पल काढून हातात घेतली. पट्टा अंगठ्याला घासत होता. मी म्हटलं, "रिक्षा करूया का गं?"

"रिक्षाने गेलो तर लगेच पोचू."

"मग पोचायलाच निघालोय ना आपण?"

"हो. पण लगेच नको."

डोक्यावरून मेट्रो गेली. साकीनाक्याला चढलं की तीच गाडी वर्सोव्यापर्यंत जाते, मध्ये बदलायची सुद्धा नाही. तिला ते माहीत होतं आणि मलाही. पण सकाळी नळावर तिने विचारलं होतं ते असं, "दर्शना, वर्सोव्याला येतेस माझ्याबरोबर? चालत?" मला वाटलं, नवस बोलली असेल. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता, मला उपास होता, संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या. तरी मी हो म्हटलं. चालत जायचं कोणी मनात धरलं असेल तर त्याला मोडता घालू नये असं मला वाटतं. निघताना ती एवढंच म्हणाली, "कुंकवाचा करंडा घे गो बरोबर." वाटेत कुठल्या तरी देवीला जायचं असेल म्हणून मी हळदकुंकवाचा करंडा पिशवीत टाकला.

वर्सोव्याला तिची थोरली बहीण कमल राहते. प्रेमाची मुलगी ऋतिका गणपती झाल्यापासून या मावशीकडेच आहे. ती आईशी बोलत नाही. आईचा फोन उचलत नाही. प्रेमा एकदा गेली होती तेव्हा ऋतिकाने आतून कडी लावून घेतली आणि आई जिना उतरेपर्यंत काढली नाही.

प्रेमा घाडी आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहते. माहेर वेंगुर्ल्याकडचं. लग्न करून आली तेव्हा नवरा, नंदकुमार, साकीनाक्याच्याच एका गाळ्यात लेथवर होता, अजून तिथेच आहे. प्रेमा मरोळच्या एका पार्लरमध्ये जमिनीवर पडलेले केस झाडायला लागली होती. झाडता झाडता बघत राहिली. भिवया कोरायचा दोरा कसा धरतात, कातडी कुठे ताणतात, फेशियलला बोटं कुठून कुठे न्यायची. मग एक दिवस तिथली मुलगी आली नाही, तेव्हा मालकिणीने हिला उभं केलं. त्यानंतर तिच्या हातात झाडू आला नाही.

ऋतिका झाली तसं तिने घरातच पार्लर काढलं. पाटी नाही, काही नाही. बाहेरच्या अर्ध्या खोलीला पडदा, एक फिरती खुर्ची, एक आरसा. दोऱ्याचं टोक दातात धरलेलं असायचं, म्हणून तिला बोलता यायचं नाही आणि खुर्चीवरची बाई मात्र बोलत सुटायची. अर्ध्या चाळीची गुपितं त्या दोऱ्यापर्यंत येऊन थांबली, पुढे कधी गेली नाहीत. मसाज करताना ती डोळे मिटून घ्यायची. मी एकदा चेष्टेने विचारलं, "झोपलीस की काय?" तर म्हणाली, "डोळ्यांका फसवता येता, दर्शना. बोटांका नाय." रात्री रडलेल्या बाईचा चेहरा तिला पावडरीखाली सुद्धा कळायचा. विचारायची नाही. डोळ्यांखाली अंगठा जरा जास्त वेळ ठेवायची.

पार्लरमध्ये तिची खास वस्तू म्हणजे भिरंडेल. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कोकमाच्या बिया वाटून, कढवून जे तूप निघतं ते मुठीत वळून ठेवतात. पांढरट, कडक गोळा, बोटाने घासला की विरघळतो. फुटलेल्या ओठांना, भेगांना, भाजल्याला, सगळ्याला तेच. तिची आई दरवर्षी पाठवायची, गोळ्यावर आईच्या बोटांचे वळ असायचे. ऋतिका तान्ही असताना तिचे गाल थंडीत तडकायचे, तेव्हा प्रेमाने भिरंडेलच लावलं. कधी पुळी सुद्धा आली नाही.

आई वारली आणि गोळे यायचे थांबले. दुकानातलं आणून बघितलं, तिला पटलं नाही. पुढे साकीनाक्यालाच, क्रीमच्या डब्या भरतात त्या एका गाळ्यात तिने शिया बटर बघितलं. पिवळट गोळा, कडक, बोटाच्या उबेने विरघळणारा, धुराचा वास येणारा. गाळ्यातल्या माणसाने सांगितलं, आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांचं आहे, तिकडच्या गावातल्या बायका बिया कुटून, कढवून काढतात. त्या दिवशी ती माझ्याकडे धावतच आली.

"अगं, हे भिरंडेलच! परदेशातलं भिरंडेल! तिकडच्या बायका पण आमच्यासारख्याच कढवतात बघ."

नंदकुमारभाऊजी दारातून म्हणाले, "आफ्रिकेतून टाचा घासायला माल येतो या घरात, आणि पंख्यात तेल घालायला कोणाला वेळ नाही."

"तुमच्या टाचा घासून देऊ का? लेथपेक्षा गुळगुळीत करीन."

तेव्हा ती अशी होती. वर्ष-दीड वर्षापूर्वीची गोष्ट आहे ही.

आणि खरंच, टाचांना आणि हातांना त्या गोळ्याने जादू केली. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे हात भरून आले. माझ्या कोपरांवरचा काळा खरखरीतपणा गेला. मी स्वतः तिला म्हटलं होतं, तुझ्या आईचा आशीर्वाद आहे यात.

आम्ही हायवेचा चौक ओलांडून अंधेरी स्टेशनच्या पुलावर चढलो. प्रेमाने चप्पल परत पायात घातली होती आणि जरा लंगडत होती. पुलाच्या मध्यावर ती थांबली. मला वाटलं दम लागला. ती वर बघत होती. विमान उतरत होतं, अगदी खाली आलेलं, पोटावरची अक्षरं वाचता येतील इतकं.

"तिका त्यात बसायचं होतं," ती म्हणाली. "बसायचं म्हणजे, उभं राहायचं होतं. गणवेश घालून."

ऋतिकाने अंधेरीतच हवाई सुंदरीचा कोर्स लावला होता. उंच पोरगी, आवाज गोड, इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर शिकलेली. तिथे त्यांना शिकवायचे की चेहरा स्वच्छ हवा, मेकअप पुसल्यावरही. तिथल्या मुलींचं बघून ऋतिकाने कुठला तरी जहाल फेसवॉश आणला. गाल ओढायला लागले, नाकाशेजारी पापुद्रे निघायला लागले. लहानपणी तडकायचे तसेच गाल, असं प्रेमाला वाटलं. लहानपणी जे लावलं तेच आता लावायचं. ते संपलं होतं, पण परदेशातलं घरात होतं.

भर मे महिन्यात तिने सुरुवात केली. आणि नुसतं लावलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. पण मुलीसाठी करायचं म्हटल्यावर प्रेमाने पार्लरमधलं सगळं केलं. आधी वाफ. मग मसाज. मग शिया बटरचा जाड थर, वर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. रोज संध्याकाळी. ऋतिका त्या फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसायची. मी पडद्याआडून बघितलंय ते. आई कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवायची आणि पोरगी तिला विमानातले नियम म्हणून दाखवायची, दरवाजे कुठे, पट्टा कसा, जसं लहानपणी पाढे म्हणायची तसं.

मग कपाळावर बारीक दाणे आले. मग गालांवर.

"उष्णता बाहेर पडतेय," प्रेमा म्हणाली. "पडू दे. आतली घाण निघाली की कातडी आरशासारखी होते."

हे ती सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगायची. मरोळच्या मालकिणीने तिला सांगितलं होतं, मालकिणीला आणखी कोणी. उष्णता बाहेर पडते म्हणून तिने थर आणखी जाड केला. दाणे पिकले तशी तिने ती लोखंडी काडी काढली, टोकाला बारीक कडी असते ती, उकळत्या पाण्यात बुडवली आणि एकेक पुटकुळी दाबून काढली. ऋतिकाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "आई, दुखतंय." "जरासंच राहिलंय गो बाय. मुलाखतीपर्यंत बघ कशी दिसतेस."

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून आम्ही सरळ रस्ता धरला. आझाद नगरच्या अलीकडे एक बाई भाजीच्या पिशव्या सावरत समोर आली आणि थांबलीच.

"प्रेमाताई! अहो, किती दिवसांनी!" आमच्याच चाळीतली किरणवहिनी, आता इकडे राहायला आलेली. "पार्लर कधी उघडताय? बघा बघा माझ्या भिवया. हे म्हणतात, डोळे दिसत नाहीत, नुसतं जंगल दिसतंय."

प्रेमा हसली. हसल्यासारखं तरी केलं. "दुसरीकडे जा ना वहिनी. इथे एवढी पार्लरं."

"गेले होते! कातडी सोलली मेलीने. तुमच्या हाताची सर नाही कुणाला. आणि ते तुमचं लोणी हो, टाचांचं, ते तरी द्या. या टाचा चादरीत अडकतात माझ्या."

"ते फेकलं मी."

"फेकलं? एवढं सोन्यासारखं?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "काय झालं यांना?"

मी म्हटलं, "उपास आहे मला, उशीर होतोय वहिनी, येते." खोटं नव्हतं, आणि उत्तरही नव्हतं. आम्ही पुढे निघालो.  चालता चालता प्रेमा म्हणाली, "तिच्या टाचांना चालतं. तुझ्या कोपरांना चाललं. माझ्याच पोरीच्या गालाला नाही चाललं."

मुलाखत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. ऋतिका सगळं झाकून गेली होती, वर पावडर, खाली पावडर. तिथल्या बाईने तिच्या हातात ओला कागद दिला आणि चेहरा पुसायला सांगितला. मग दिव्याखाली उभं केलं. नाव सुद्धा पुरतं विचारलं नाही. "त्वचा बरी झाली की परत या," असं म्हणाली, चांगल्या शब्दांत म्हणाली, ऋतिकानेच नंतर मला सांगितलं. पण पाठोपाठ उभ्या असलेल्या मुलींनी ते ऐकलं.

परत येताना पोरीने रिक्षावाल्याला त्याचा आरसा फिरवायला लावला. घरी आली, पार्लरचा आरसा खिळ्यावरून काढला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. आरडाओरडा नाही, काही नाही. प्रेमा पुढे झाली, गालाला हात लावायला. ऋतिकाने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "आई, तू परत कुणाच्या तोंडाला हात लावू नकोस."

ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. आमच्यातली भिंत पातळ आहे. त्या दिवशी देवापाशी दिवा लावताना मला काय मागावं ते सुचलं नाही, नुसती बसून राहिले.

तेव्हापासून पार्लर बंद. खुर्चीवर घडी न केलेले कपडे पडलेले असतात.

"डॉक्टरकडे मी एकटीच गेले होते, तुला सांगितलं नाही," डी. एन. नगरच्या सिग्नलला ती म्हणाली. "ऋतिकाच्या स्किनच्या डॉक्टरकडे. कमलने पत्ता दिला. मी तो गोळा डब्यात घालून नेला. म्हटलं, बघा आणि मला सांगा."

"काय म्हणाल्या?"

"वास घेतला. बोटावर घासून बघितला. म्हणाल्या, वस्तू वाईट नाही. कोरड्या कातडीला चांगली. छिद्रं बुजवणाऱ्या वस्तूंची जी यादी लोक सांगतात, त्यात ही खालीच असते म्हणे. पण ती यादी म्हणजे काही देवाचा शब्द नाही. कुणाला चालतं, कुणाला नाही. तेलकट चेहरा, पुटकुळ्या येणारं वय, त्यावर वाफ देऊन जाड थर, वर गरम टॉवेल, आणि हा आपल्याकडचा घाम. छिद्रं बुजली असतील. पण मी म्हटलं, असतील नको, नक्की सांगा. तर म्हणाल्या, नक्की नाही सांगता येत. तो फेसवॉश असेल, वय असेल, आणखी काही असेल."

"म्हणजे तुझी चूक नसेल सुद्धा," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं.

प्रेमा थांबली. सिग्नल सुटला होता, लोक आम्हाला धक्के देत पुढे जात होते.

"मी पण तेच म्हटलं असतं, दर्शना. पण मग त्या म्हणाल्या, पुटकुळ्या आपोआप बसल्या असत्या. खड्डे पडले ते दाबल्यामुळे. कुणी दाबल्या, विचारलं त्यांनी. तेवढं एकच नक्की आहे बघ. बाकी सगळं असेल नि नसेल. ते शिया बटर सुटलं. मी नाही सुटले."

"भरतील ना खड्डे?"

"काही भरतील. पहिल्यासारखं नाही होणार म्हणाल्या. साफ सांगितलं."

मला सांगायचं होतं की देव आहे, बघेल. इतर वेळी मी हे सहज म्हणते आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण त्या सिग्नलवर ते तोंडातून निघेना. तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. हात केवढा खरखरीत झाला होता. त्या हातांना ती आता काहीच लावत नाही.

सात बंगल्याच्या पुढे गेलं की वारा बदलतो. वर्सोव्याच्या कोळीवाड्याजवळ बोंबील वाळत घातले होते, दांड्यांवर ओळीने, तोंडात तोंड अडकवून. एक कोळीण खुराड्यावर बसून कोणाला तरी शिव्या घालत होती आणि मधूनच हसत होती. कमलची बिल्डिंग तिथून आत, गल्लीच्या टोकाला. दुसऱ्या मजल्याची खिडकी गल्लीच्या तोंडावरून दिसते. खिडकीला पडदा होता.

प्रेमा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. एका बंद टपरीच्या फळीवर बसली.

"चल ना," मी म्हटलं. "आता एवढं आलो."

"मी नाही येत वर. मी आले की ती कडी लावते."

"मग आलो कशाला आपण? एवढं चालून?"

तिने पदराने तोंड पुसलं. चप्पल काढली. अंगठ्याचं कातडं निघालं होतं, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"कमल म्हणते, आता बरं आहे. क्रीम लावते, गोळ्या घेते, काळपट डाग गेले. फोटो पाठव म्हटलं तर म्हणते, ती काढू देत नाही. आणि फोटोत काय कळणार आहे मला? कमलला विचारलं, हाताला कसं लागतं, तर म्हणते, चांगलं लागतं. कमल माझी बहीण आहे. ती चांगलंच म्हणणार."

मी तिच्याशेजारी बसले. वरच्या खिडकीचा पडदा जरा हलला. वाऱ्याने असेल.

"दर्शना, तू खोटं बोलत नाहीस. ती किरणवहिनी भेटली तेव्हा सुद्धा बोलली नाहीस. म्हणून तुला आणलं." ती थांबली, मग भराभर बोलली, जणू थांबली असती तर बोलता आलं नसतं. "आज शेवटचा गुरुवार. तुझ्याकडे करंडा आहे. वर जा. कमलला लाव, मग ऋतिकाला लाव, कुमारिका आहे, ती नाही म्हणणार नाही तुला. कुंकू लावताना हनुवटी धरतात ना, तशी धर. आणि मग सहज, काही न केल्यासारखा, डाव्या गालावरून हात ने. कानापासून खाली. तिथेच मी जास्त दाबलं होतं. घाई करू नको, पण थांबूही नको, तिला कळेल."

मी पिशवीतला करंडा चाचपला.

"माझं नाव काढू नको. मी खाली आहे म्हणून सांगू नको." तिने आपला हात माझ्या मांडीवर उलटा ठेवला, तळवा वर. "आणि खाली आलीस की शब्दात सांगू नको, मला शब्द नको आहेत. तिचा गाल तुझ्या बोटांना जसा लागेल ना, तसाच मला इथे, या हातावर, करून दाखव."